सॅडल चावतंय? नवं घेण्याआधी दोर बघा

प्रश्न असा आला आहे: मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या उपनगरात राहणारे एक गृहस्थ यंदा पहिल्यांदाच धनुष्यबाण घेऊन व्हाइटटेल हरणाच्या मागे लागले आहेत. जड मचाण पाठीवर वाहायला नको म्हणून त्यांनी झाडाला लटकून बसायचं ट्री सॅडल घेतलं, एका पॅनेलचं, मीडियम. उंची ५ फूट ७ इंच, वजन १७० पौंड, जीन्स ३४ ची. पाऊण तास झाला की कमरेच्या दोन्ही बाजू पकडीत धरल्यासारख्या दुखतात, उजव्या मांडीला बाहेरच्या अंगाने आग होते आणि तळपाय बधिर होतात. लार्ज घ्यावं, दुप्पट किमतीचं दोन पॅनेलचं घ्यावं, की मुकाट्याने मचाणावर परत जावं?

आत्ता यातलं काहीच करू नका. सॅडल चावतं म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारी कापडाच्या नसतात, दोराच्या असतात. ब्रिज किती लांब, टेदर किती उंचीवर आणि प्लॅटफॉर्म कसा बसलाय, या तीन गोष्टी जुळल्या तर साध्यातलं साधं सॅडलही चार तास सुखाने बसू देतं. त्या जुळल्या नाहीत तर महागडं सॅडलही तितकंच चावतं, वर खिशाला चाट बसलेली असते ती वेगळीच.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. सॅडल म्हणजे नितंबांखालून जाणारा रुंद कापडी किंवा जाळीचा पट्टा, यालाच पॅनेल म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना जाड वेबिंगचे लूप असतात आणि त्या लूपांमध्ये पोटापुढून एक दोर जातो, तो ब्रिज. खोडाला वेढा घालून बांधलेला दुसरा दोर म्हणजे टेदर. टेदरवर प्रुसिक गाठ असते, ती हाताने सरकते पण वजन आलं की घट्ट धरते. ब्रिज व प्रुसिक यांना एक कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, जोडतो. पायाखाली छोटासा प्लॅटफॉर्म. मचाणावर पाठ झाडाला असते, इथे तोंड झाडाकडे, म्हणजे झाड तुमच्या आणि हरणाच्या मध्ये. झाडांच्या फांद्या छाटणारे व्यावसायिक याच तत्त्वावर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. शिकाऱ्यांमध्ये ही गोष्ट गेल्या काही वर्षांतच झपाट्याने पसरली. भारतातल्या वाचकांसाठी इतकंच, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे हौसेच्या शिकारीचा विषय संपवला आहे. पुढचं सगळं अमेरिकेत परवाना काढून होणाऱ्या शिकारीबद्दल आहे.

आधी मापाचं उरकून घेऊ. जीन्सचा आकडा विसरा. टेप घ्या, शिकारीला घालता ती पँट चढवा आणि नितंबांचा सगळ्यात फुगीर भाग जिथे आहे तिथून माप घ्या. कंपनीच्या तक्त्यात ते माप शोधा. मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो तेव्हा एका पातळ पँटवर भागतं. नोव्हेंबरच्या मध्यावर खाली थर्मल, वर अस्तराची, छातीपर्यंत येणारी बिब पँट असं सगळं चढतं आणि घेर तीन-चार इंच वाढतो. सॅडल मात्र तेच असतं. म्हणून माप थंडीच्या कपड्यांवरचं घ्यावं आणि ऑक्टोबरात पट्टा ओढून घ्यावा.

तुमच्या आकड्यांवरून मीडियम चुकलेलं वाटत नाही, पण खात्री करायची सोपी खूण आहे. जमिनीवरच झाडाला लटका, वजन पूर्ण टाका आणि हाताने चाचपून ब्रिजचा लूप कुठे येतो ते बघा. पँटची बाजूची शिवण जिथे आहे तिथे किंवा तिच्या जरा पुढे लूप आला तर माप बरोबर. शिवणीच्या बरंच मागे राहिला तर सॅडल लहान आहे, कमरेचं हाड उघडं पडतं आणि दोर थेट त्याच्यावर घासतो. पार मांडीच्या पुढच्या भागावर आला तर सॅडल मोठं आहे. जास्तीचं कापड मग कुठेतरी घडी घालतं आणि ती घडी तासाभराने सुरीसारखी टोचते. म्हणजे लार्ज घेऊन आगीतून फुफाट्यात जाण्याची शक्यता जास्त.

सॅडल अंगावर कुठे बसतं हेही बघा. नवीन लोक ते कमरपट्ट्यासारखं उंच बांधतात. वरची कड पँटच्या पट्ट्याच्या रेषेत हवी, पोट सुटलेलं असेल तर पोटाच्या खाली. खालची कड नितंब संपून मांडी सुरू होते त्या घडीच्या किंचित खाली. चढताना सॅडल हमखास वर सरकतं. त्यामुळे टेदरला अडकवून झालं, की वजन टाकण्याआधी दोन्ही हात मागे नेऊन खालची कड खाली ओढायची आणि मगच बसायचं. दोन सेकंदांचं काम आहे, पण अर्धे लोक विसरतात आणि मग सगळं वजन कमरेच्या मणक्यावर घेऊन तासन्‌तास कुरकुरत बसतात. मागच्या खिशात पाकीट, गाडीची किल्ली, हातमोजे काही नको. जमिनीवर कळत नाही, पण वीस फुटांवर किल्लीचा प्रत्येक दात मोजता येतो.

आता ब्रिज. कमरेच्या दोन्ही बाजू आवळण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बाळाच्या झोळीत वरच्या बाजूला आडवी काठी घालतात, कापड मिटून बाळाला आवळू नये म्हणून. सॅडलला ती काठी नसते. दोन बाजूंचे दोर वर एका कॅराबिनरशी येऊन मिळतात, आणि ते जितक्या उघड्या कोनात मिळतात तितकं कापड तुमच्या कमरेला आत दाबतं. तो कोन ठरवतो ब्रिजची लांबी. हिशेब करून बघा. समजा वजन टाकल्यावर दोन लूपांमधलं अंतर १६ इंच आहे आणि टेदरवर १०० पौंड ताण आहे. ब्रिज २८ इंचांचा असेल तर प्रत्येक बाजूने कमरेवर आत येणारा दाब साधारण ३५ पौंड होतो. तोच ब्रिज ३६ इंच केला की दाब २५ पौंडांवर येतो. एक पैसा खर्च न करता, आठ इंच दोर सोडला की दाब जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. पाऊण तासात कळवळणं आणि अडीच तास आरामात बसणं यांतला फरक बऱ्याचदा एवढाच असतो.

तुम्ही ब्रिजची लांबी लिहिलेली नाही, पण नवं सॅडल घेतल्यावर ब्रिज पेटीतून आला तसाच ठेवला असेल असा माझा अंदाज आहे. बहुतेक सॅडलांचा ब्रिज आता कमी-जास्त करता येतो, एका बाजूला त्याचीच छोटी प्रुसिक असते. दोन-दोन इंचांनी वाढवत जा आणि दर वेळी दहा मिनिटं बसून बघा. कुठेतरी अशी जागा येते की बाजूंची पकड सुटते आणि वजन नितंबांखाली उतरल्याचं स्पष्ट जाणवतं. तिथे दोरावर रंगीत धाग्याचे चार वेढे घालून खूण करा. अंधारात हातमोज्यांतूनही ती बोटांना लागते.

मग ब्रिज शक्य तितका लांब का ठेवू नये? कारण तो लांबला की तुम्ही झाडापासून दूर जाता, कॅराबिनर तोंडाजवळ येतो, धनुष्य ओढताना दंडाला दोर आडवा येतो, आणि टेदरची प्रुसिक हाताच्या टप्प्याबाहेर जाते. शेवटचं धोक्याचं आहे. पाय प्लॅटफॉर्मवरून सुटले तरी प्रुसिकला हात पोचलाच पाहिजे. कंपनीने सांगितलेली कमाल लांबी ओलांडायची नाही आणि ब्रिजच्या टोकाची अडवण्याची गाठ कधीही सोडायची नाही. हार्डवेअरच्या दुकानातला दोर आणून घरी ब्रिज ओवण्याचा उद्योगही नको. बरेच ब्रिज डायनिमाच्या दोराचे असतात. हा दोर वजनाला पिसासारखा आणि ताकदीला पोलादासारखा, पण जेमतेम १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ त्यावर धरत नाही. त्याला काय लावायचं आणि काय नाही हे बनवणाऱ्यावर सोडावं.

टेदरच्या उंचीबद्दल लोक एकच आकडा सांगतात, 'डोळ्यांच्या रेषेत बांधा'. सुरुवातीला ठीक आहे. पण सॅडलमध्ये बसायच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींना वेगळी उंची लागते. एक म्हणजे रेलणं. पाय ताठ, तळवे प्लॅटफॉर्मवर, अंग मागे झुकलेलं, वजन पाय आणि सॅडल यांत वाटलेलं. यात टेदर कपाळाच्या आसपास असला की बरं. दुसरं बसणं. गुडघे खोडाला टेकलेले, मांड्या जवळपास आडव्या, बहुतेक वजन सॅडलमध्ये. यात टेदर डोक्याच्याही हातभर वर हवा. टेदर जितका वर तितका ओढ सरळ वरच्या दिशेने येतो आणि सॅडल खुर्चीसारखं काम करतं. टेदर खाली असेल तर ओढ आडवा होतो, झाड तुम्हाला स्वतःकडे खेचतं आणि ती खेच गुडघ्यांनी अडवावी लागते. म्हणून बसल्यावर गुडघ्यांवर भार फार येत असेल तर आधी टेदर चढवून बघा, नीपॅडची जाडी नंतर. उलट, रेलून उभं असताना सगळं वजन मांड्यांतच लटकतंय आणि पाय नुसते तरंगतायत असं वाटलं तर टेदर एक वीत उतरवा.

उंची बदलली की प्रुसिकही सरकवावी लागते. टेदर चढवला आणि प्रुसिक तिथेच राहिली तर तुम्ही झाडाला चिकटून उभे राहाल. प्रुसिक एका हाताने, थंडीत, आवाज न करता सरकते का, हे खरेदीच्या वेळी बघण्याची गोष्ट आहे. रोपमॅन किंवा काँग डकसारखे धातूचे पकडे झटकन सरकतात, पण दोराची जाडी त्यांना मानवणारी हवी. तीन-चार सेंटिमीटरचा फरकही कमरेला कळतो. मी स्वतः दर वीस-पंचवीस मिनिटांनी प्रुसिक बोटभर वर-खाली करतो. त्याने दाबाची जागा बदलते आणि रक्त फिरतं राहतं.

उजव्या मांडीची आग ही वेगळी तक्रार आहे, तिला बाजूंच्या आवळण्याशी मिसळू नका. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, त्याच्या लगेच आतल्या बाजूने मांडीच्या बाहेरच्या कातडीची शीर (नर्व्ह) खाली उतरते. तिच्यावर घट्ट पट्टा बसला की मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होते, मुंग्या येतात, कधी कातडी बधिर होते. गुडघ्याखाली काही होत नाही. घट्ट बेल्ट, कमरेला हत्यारांचा जड पट्टा, यांनीही हेच होतं आणि डॉक्टरांना ही तक्रार नवी नाही. तुमच्याकडे फक्त उजवीकडे होतंय, म्हणजे बहुधा कंबरपट्ट्याचं बकल किंवा एका बाजूला लटकवलेली जड पिशवी तिथे दाबतेय. बकल मध्यावर आणा. पट्ट्यात तळहात सहज सरकेल एवढी ढील ठेवा. लटकल्यावर वजन ब्रिजवर असतं, कंबरपट्ट्याचं काम सॅडल जागेवर ठेवण्याचं आहे. बाजूची पिशवी हलकी करा किंवा पाठीवरच्या बॅगेत घाला. हंगाम संपल्यावरही आग राहिली तर दाखवून घ्या.

याउलट मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरत पाऊल झोपत असेल तर दोषी सॅडलची खालची कड. ती फार खाली, मांडीच्या मध्यापर्यंत गेली की कापतेच. थोडी वर घ्या किंवा दर थोड्या वेळाने उठून उभे राहा. मांडीचे पट्टेही तपासा. पाय उलटे वर गेले तर सॅडलमधून माणूस निसटू नये, एवढंच त्यांचं काम. ते बांधलेलेच हवेत, पण बसल्यावर सैल. त्यांवर वजन येत असेल तर सॅडल जागेवर नाही.

तळपायांचं दुखणं बहुतेक बुटांतून येतं. इथे दलदलीतून जायचं म्हणून लोक मऊ रबरी गमबूट घालतात, आणि मग प्लॅटफॉर्मची कड तळव्याच्या कमानीत रुतत राहते. तळव्यात ताठ पत्ती असलेले बूट घाला, निम्मं काम होईल. प्लॅटफॉर्म बसवताना बाहेरची कड किंचित वर ठेवायची आणि पाय देऊन दाबायचा, म्हणजे तो खोडात दात रोवून सपाट येतो. वजन पडल्यावरही पुढे झुकलेला असेल तर बोटं दुखणार. मागे झुकलेला असेल तर टाचा. रेलताना तळवा कडेवर आडवा टेकवला, एक पाय जवळ आणि एक दूर, की भार बदलत राहतो. काही लोक प्लॅटफॉर्मऐवजी झाडाभोवती पट्ट्याने बांधलेल्या पायऱ्यांचं कडं करतात. फिरायला उत्तम, पण दोन तासांनी तळव्यांची दशा होते. सार्वजनिक जमिनीवर खोडात स्क्रूने घुसवायच्या पायऱ्या मिशिगनमध्ये चालत नाहीत, हे नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावं.

पाठीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण चार तास बसायचं तर विचाराल. पाठीला आधार नसतो, ही सॅडलची खरी उणीव आहे. खांद्यांच्या खालून जाणारा एक रुंद पट्टा मिळतो, तो कॅराबिनरजवळ अडकवला की आरामखुर्चीत टेकल्यासारखं बसता येतं. महाग नाही, मुठीत मावतो, आणि माझ्या मते दोन पॅनेलच्या सॅडलआधी घेण्याची वस्तू हीच. पहिले काही आठवडे पोटाचे आणि कमरेचे स्नायू दुखतात, ते निराळं. ते सरावाने जातं. आवळणं आणि टोचणं सरावाने जात नाही, ते जुळवूनच घालवावं लागतं.

खरं तर एकाच स्थितीत चार तास बसणं हे ध्येयच नाही. रेला, मग बसा, मग एक गुडघा टेकवून दुसरा पाय सरळ करा, मग कुशी वळून मांडीची बाजू खोडाला टेकवा. मचाणावर जरा हललं तरी आकार दिसतो, इथे पुढे अख्खं खोड आड असतं. ही मोकळीक वापरायची. फक्त हरीण कुठून येणार त्याप्रमाणे आधी जागा निवडा. उजव्या हाताने बाण सोडणाऱ्याला झाडाच्या डाव्या अंगाचा नेम सगळ्यात सोपा, म्हणून पायवाट डावीकडे पडेल असं लटकायचं. नाहीतर प्रत्येक वेळी अंग पिळून वळावं लागतं आणि नीट जुळवलेलं सॅडल जागचं हलतं.

हे सगळं जंगलात नाही, परसातल्या मेपलवर करा. प्लॅटफॉर्म जमिनीपासून फूटभर उंच, अंगावर शिकारीचे पूर्ण कपडे, हातात धनुष्य. तासभर बसा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज ब्रिज, उद्या टेदर. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. शेजारी काय म्हणतील याची काळजी नको, मिशिगनमध्ये ऑक्टोबरात झाडाला लटकलेला माणूस बघून कोणी पोलिसांना फोन करत नाही.

झाड कोणतं, हाही आरामाचाच भाग आहे. सरळ, मांडीपेक्षा जाड, जिवंत. शॅगबार्क हिकरीची साल मोठमोठ्या खपल्यांनी सुटते, गुडघा टेकला की करकरते. बीचची साल गुळगुळीत, ओली झाली की पट्टे सरकतात. ओक उत्तम. अ‍ॅश मात्र कितीही सोयीचं दिसलं तरी सोडून द्या. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा भुंगेरा २००२ मध्ये पहिल्यांदा डेट्रॉइटच्याच परिसरात सापडला आणि त्याने या भागातली अ‍ॅशची झाडं घाऊक मारली. मेलेलं अ‍ॅश उभं दिसतं, पण लाकूड ठिसूळ झालेलं असतं, कधी मोडेल सांगता येत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही, आणि तिचा आरामाशी थेट संबंध आहे. दुखायला लागलं की माणूस दोर सैल सोडतो, पट्टा काढतो, टेदरच्या गाठीच्या वर चढून पाय मोकळे करतो. अपघात तिथेच होतात. टेदरमध्ये ढील नको, आणि कंबर कधीही टेदरच्या गाठीच्या वर जायला नको. डायनिमा किंवा स्थिर दोर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे ढिलाईवर दोन-तीन फूट पडलं तरी मणक्याला जबर धक्का बसतो. चढताना लाइनमन दोर (कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवून खोडाभोवती फिरवलेला दोर) पूर्णवेळ, आणि वर पोचल्यावर टेदर अडकवून, वजन टाकून खात्री झाल्यावरच तो काढायचा. पाय प्लॅटफॉर्मवरून निसटून निपचित लटकत राहणं हाही धोका आहे. पायांतलं रक्त वर परतत नाही आणि शुद्ध जाऊ शकते. टेदरवर एक जास्तीची प्रुसिक आणि पाय अडकवायला फास खिशात ठेवा, आणि फोन छातीच्या खिशात, पाठीवरच्या बॅगेत नको. कुठल्या झाडावर आहात ते घरी सांगून निघा.

आता दोन पॅनेलचं काय? ते थोतांड नाही. वरचं पॅनेल नितंबांवर आणि खालचं मांड्यांखाली वेगळं पसरवता येतं, दाब मोठ्या जागेवर वाटला जातो, आणि बसून शिकार करणाऱ्याला ते खरोखर मानवतं. लॅटिट्यूड ही कंपनी या धाटणीची सॅडलं बनवते. पण वजन वाढतं, गुंडाळी मोठी होते, आणि दर वेळी दोन्ही पॅनेलं जागेवर बसवायचा उपद्‌व्याप अंधारात करावा लागतो. उभं राहून रेलणाऱ्या, सडपातळ माणसाला एक पॅनेल पुरतं. टेथर्ड, ट्रॉफीलाइन, क्रूझर या कंपन्यांची एकेरी सॅडलंही एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. कुणाचं जाळीचं, कुणाचं घट्ट कापडाचं, कुणाला मध्ये चुण्या. रुंद कंबरेच्या माणसाला, आणि स्त्रियांना विशेषतः, रुंद पॅनेल आणि लांब ब्रिज बहुधा जास्त मानवतो, कारण लूपांमधलं अंतर वाढलं की वरच्या हिशेबातला कोनही उघडतो. तुम्ही महिनाभर ब्रिज आणि टेदर जुळवून बघा. नोव्हेंबरात हरणांचा माज ऐन भरात असतो, तेव्हा सूर्योदयापासून दुपारपर्यंत बसायची वेळ येईल. तेव्हाही चावलं तर दोन पॅनेलचं घ्या, आणि घेण्याआधी कुणाच्या तरी परसात तासभर बसून बघा. दुकानात दोन मिनिटं लटकून काही कळत नाही, दोन मिनिटांत सगळीच सॅडलं छान वाटतात.

जुनं, वापरलेलं घ्यावं का, हेही पुष्कळ जण विचारतात. पॅनेल घ्यायला हरकत नाही, पण उत्पादनाची तारीख असलेली चिठ्ठी शाबूत हवी, आणि लूपांची शिवण भर उन्हात, बोटाने ताणून, टाका न् टाका बघायची. एक जरी टाका तुटलेला किंवा वेबिंग फिकट, खरखरीत झालेलं दिसलं तर परत द्या. टेदर, लाइनमन दोर, प्रुसिक आणि ब्रिज मात्र नवेच घ्या. आधीचा मालक कितीही भला असला तरी तो दोर गॅरेजमध्ये बॅटरीच्या अ‍ॅसिडशेजारी पडला होता की नाही, हे त्यालाही आठवत नसतं.